खानदेशातील नॉटपेड विलायती पत्रे

जुने मोडी पत्र हाती आले म्हणजे जाणता संशोधक आधी मजकूर वाचत नाही. तो पत्र उलटून पाहतो. पाठीवर किंवा कडेला कोठे तरी पत्र पावल्याचा शेरा असतो. त्याला आपल्या दप्तरखान्यांत 'पैवस्ती' म्हणत. पत्र लिहिले कधी हे लिहिणारा सांगतो, आणि ते पोचले कधी हे पैवस्ती सांगते. या दोहोंमधील अंतरात कितीतरी इतिहास दडलेला असतो. खानदेशात ही गोष्ट वेगळी समजावून द्यावी लागू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला तो धुळ्यात, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यातच उभे राहिले. कागदाचा कपटा फेकू नये ही शिकवण येथल्या मातीत मुरलेली आहे.

असे असूनही एक कागद आपण सर्रास फेकत आलो. तो म्हणजे पत्राचे पाकीट. इंग्रजी अमदानीत पैवस्तीचे काम कारकुनाच्या बोरूकडून पोस्टाच्या मोहरेकडे गेले आणि मोहोर पाकिटावर बसू लागली. वाडवडिलांची पत्रे लोकांनी पेटीत जपली. पाकिटे मात्र बंबात गेली, किंवा मुलांनी तिकिटांसाठी ती कापली. कापलेल्या पाकिटाइतके दुःखदायक साधन आम्ही दुसरे पाहिले नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते अशा पाकिटांवरील एका लहानशा खुणेविषयी. परदेशातून कमी तिकिटे लावून आलेल्या पत्रावर, म्हणजे आपल्या बोलीत नॉटपेड पत्रावर, जे शिक्के आणि आकडे मारले जात त्यांविषयी.

प्रथम घरचे पाहू. १८५४ च्या कायद्याने हिंदुस्थानभर अंतराचा विचार न करता वजनावर एकच हशील ठरले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून तिकिटे सर्वत्र सुरू झाली. तिकीट न लावता टाकलेल्या पत्राचे हशील घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करावे असाही नियम त्याच वेळी झाला. लोकांना तो दंड वाटेल अशी सरकारची अपेक्षा होती. लोकांनी मात्र त्यात सोय पाहिली. तिकीट लावलेले पत्र वाटेत कोणी टाकून दिले तर विचारणार कोण? नॉटपेड पत्राचे पैसे पोस्टाला यायचे असतात, तेव्हा ते हमखास पोचते, असा हिशेब पुष्कळांनी मनाशी केला होता. सरकारवर विश्वास नाही, पण सरकारच्या लोभावर आहे, असा हा मामला.

परदेशच्या टपालाचे गणित याहून अवघड होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लिव्हरपूलला अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि खानदेशच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी खानदेशातून पुढे गेली. १८७० मध्ये मुंबई ते अलाहाबाद व तेथून कलकत्ता असा लोहमार्ग सलग झाल्यावर विलायतचे टपाल मुंबईस उतरून भुसावळवरून उत्तरेकडे व पूर्वेकडे धावू लागले. जळगाव अशा रीतीने थेट मार्गावर आले. धुळे मात्र त्या वेळी जिल्ह्याचे ठाणे असूनही रुळापासून दूर होते. तेथले टपाल चाळीसगावास उतरून सडकेने जाई. चाळीसगाव-धुळे फाटा झाला तो १९०० साली.

त्या काळच्या पाकिटांवर पाहणाऱ्याने पहिल्याने शाईचा रंग पाहावा. इंग्रजी टपालाचा सामान्य दंडक असा की हशील भरले असल्याचा आकडा किंवा शिक्का तांबड्या शाईत, आणि घेणाऱ्याकडून येणे असल्याचा काळ्या शाईत. 'इंडिया पेड' हा शिक्का म्हणूनच बहुधा तांबडा दिसतो. दुसरे म्हणजे तिकिटांच्या विचित्र किमती. १८६७ मध्ये सहा आणे आठ पै किमतीचे एक तिकीट निघाले. अशी वेडीवाकडी रक्कम कोणाच्या डोक्यातून निघाली, असे आम्हांला प्रथम वाटले होते. हिशेब केला तेव्हा उलगडा झाला. त्या वेळी रुपयाचे दोन शिलिंग, म्हणजे आण्याचे दीड पेनी. विलायतचे दहा पेन्स द्यायचे तर बरोबर सहा आणे आठ पै होतात. पुढे चांदी घसरली, रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावला, आणि एक आणा म्हणजे एक पेनी झाला. ज्याला रुपयाच्या घसरणीचा इतिहास शिकवायचा आहे त्याने तिकिटांच्या किमती फळ्यावर लिहाव्यात, काम सोपे होईल.

या गोंधळात व्यवस्था आणली ती बर्न येथील तहाने. स्वित्झर्लंडातील त्या शहरी ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बावीस राष्ट्रांनी एक टपालसंघ स्थापिला. हिंदुस्थान त्यात १ जुलै १८७६ पासून सामील झाला, आणि १८७८ च्या पॅरिस येथील बैठकीनंतर त्याला जागतिक टपालसंघ हे नाव मिळाले. संघाची भाषा फ्रेंच, आणि हिशेबाचे नाणे फ्रँक व सेंटिम, तेही सोन्याच्या मोलाचे. पत्राचे मूळ हशील पंचवीस सेंटिम. प्रत्येक देशाने आपापल्या नाण्यात त्याची बरोबरी ठरवावी. इंग्लंडात ते अडीच पेन्स, अमेरिकेत पाच सेंट, आणि १८९० नंतरच्या हिंदुस्थानात अडीच आणे. १८९२ मध्ये आपल्याकडे अडीच आण्यांचे खास तिकीट निघाले ते यासाठीच. तत्पूर्वी वर्षभर साडेचार आण्यांच्या तिकिटांवर अडीच आण्यांचा छाप मारून वेळ भागवली होती.

तिकिटांच्या रंगांबद्दलही संघाने दंडक घातला होता. छापील कागदाचे तिकीट हिरवे, पोस्टकार्डाचे तांबडे, आणि परदेशी पत्राचे निळे. आपले अडीच आण्यांचे तिकीट १९०० साली हिरव्याचे निळे झाले. भाषा न कळणाऱ्या कारकुनालाही पाकीट पाहताच हशील पुरे की अपुरे याचा अंदाज यावा, ही त्यामागील युक्ती.

आता ती खूण. ज्या देशात पत्र टाकले त्या देशाच्या पोस्टाने, तिकीट कमी असल्यास, पाकिटावर टी हे रोमन अक्षर मारावे. 'ताक्स' या फ्रेंच शब्दाचे ते आद्याक्षर. त्याचा अर्थ येणे रक्कम. त्या अक्षराजवळ सेंटिमांत आकडा घालावा. पत्र ज्या देशात पोचले त्याने त्या आकड्याचे आपल्या नाण्यात रूपांतर करून तो घेणाऱ्याकडून वसूल करावा. १ ऑक्टोबर १९०७ पासून, म्हणजे रोमच्या बैठकीचे नियम अमलात आल्यापासून, हा आकडा तुटीच्या दुप्पट असतो. त्याआधीच्या पाकिटांवर तो दुप्पटच असेल असे धरून चालू नये. पुष्कळ वेळा नुसती तूटच लिहिलेली असते. तेव्हा आधी तारीख पाहावी, मग आकडा वाचावा.

कित्येक देशांनी ही वसुली करताना पाकिटावर लावण्यासाठी निराळी येणे-तिकिटे छापली. शेजारच्या पोर्तुगीज अमलातील गोव्यातसुद्धा ती होती. ब्रिटिश हिंदुस्थानाने मात्र ती कधी काढली नाहीत. आपल्याकडे रबरी शिक्का मारीत, त्यावर 'पोस्टेज ड्यू', रक्कम आणि ठाण्याचे नाव. खानदेशात आलेल्या पाकिटांवर ते ठाणे बहुधा मुंबई असते. १८६८ ते १९१४ या काळात आणखी एक मौज होती. विलायती टपाल वाहणाऱ्या बोटीवरच पोस्टाचे कारकून बसत आणि मुंबई येण्यापूर्वी समुद्रावर टपाल निवडून ठेवीत. त्यांचे 'सी पोस्ट ऑफिस' असे शिक्के मिळतात. म्हणजे जळगावच्या माणसाने किती आणे दंड भरायचा हे कधी कधी अरबी समुद्रात डुलणाऱ्या बोटीवर ठरत असे.

येथे व्यापाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. आपल्या लोकांच्या हाती तोळ्याचे वजन, विलायती पत्राला औंसाचे. अर्धा औंस म्हणजे सव्वा तोळ्याहून किंचित कमी. कापसाच्या दलालाने पत्रात सरकीच्या भावाबरोबर चिमूटभर रुईचा नमुना घातला की पत्र पुढच्या टप्प्यात जायचे आणि लिव्हरपूलच्या पेढीला दंड पडायचा. तेव्हा व्यापाऱ्याच्या पाकिटावर टी दिसला तर लगेच त्याला कंजूष ठरवू नये. पाकिटाच्या आतल्या कोपऱ्यात कापसाचे तंतू अडकले आहेत का, ते आधी पाहावे.

आता आम्ही ज्या प्रकरणापायी या विषयात शिरलो ते सांगतो. पूर्व खानदेशातील एका शेतकरी घराण्यात अमेरिकेहून आलेल्या पत्रांचे एक पुडके होते. (खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, पुढे त्यांना जळगाव व धुळे ही नावे आली.) घरातील एक मुलगा १९०७ च्या सुमारास शेतकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच काळात अमेरिकेत तेच शिकत होते. तेव्हा हे काही एकट्याचे वेड नव्हते. मुलगा परत आला नाही. तिकडेच वारला. घरात त्याच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य बोलले जाई, "त्याने बापाला नॉटपेड पत्रे पाठवली." हे वाक्य उदाहरण म्हणून सांगत. पहिले वर्षभर पोराने नीट तिकिटे लावली, मग तिकडचे वारे लागले, पैसे उडवू लागला, आणि पत्राचा खर्चही बापावर टाकू लागला. वडिलांनी संतापून पैसे पाठवणे थांबवले, अशी ती कथा. पुरावा म्हणून पाकिटे दाखवीत, आणि पाकिटांवर टी होताच.

तीन आणे दंड ही त्या काळी चेष्टा नव्हती. पोस्टकार्ड पाव आण्याला मिळत होते आणि देशातले पत्र अर्ध्या आण्यात जात होते. एका नॉटपेड अमेरिकन पत्राच्या दंडात बारा पोस्टकार्डे आली असती. वडिलांचा राग आम्हांला समजतो.

पाकिटे आम्ही प्रथम पाहिली तेव्हा आमच्याकडून एक चूक झाली. ती सांगितलेली बरी. टीच्या खाली ३० असा आकडा होता. आम्ही तो तीस पै असा वाचला. तीस पै म्हणजे अडीच आणे, आणि अडीच आणे म्हणजे परदेशी पत्राचे पुरे हशील. तेव्हा मुलाने तिकीट लावलेच नव्हते, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि घरच्या कथेवर आमच्याही विद्वत्तेचा शिक्का मारून मोकळे झालो. हिशेब इतका चपखल बसला की शंका घ्यावीशीच वाटली नाही. पुढे काही महिन्यांनी तीच पाकिटे पुन्हा पाहताना दोन गोष्टी खटकल्या. पाकिटावर तांबडे दोन सेंटांचे तिकीट चक्क होते, आणि मुंबईचा शिक्का तीन आण्यांचा होता, अडीच आण्यांचा नव्हे. अमेरिकन पोस्ट आपल्या पैंत कशाला हिशेब करील, हा प्रश्न तेव्हा सुचला. आधीच सुचायला हवा होता.

तीस हे सेंटिम होते. आता मांडणी पाहा. हशील पाच सेंट, लावले दोन, तूट तीन सेंट. पाच सेंटांचे पंचवीस सेंटिम, म्हणून तीन सेंटांचे पंधरा. त्याचे दुप्पट तीस. आपल्याकडे पंचवीस सेंटिमांचे अडीच आणे, म्हणून तिसांचे तीन आणे. अमेरिकेतला टी आणि मुंबईचा शिक्का एकमेकांची साक्ष देतात.

मग उरला तो खरा प्रश्न. वर्षभर पाच सेंटांचे निळे तिकीट लावणारा मुलगा एकाएकी दोन सेंटांवर का आला? आम्ही पुडक्यातली सारी पाकिटे तारखेप्रमाणे लावली. सप्टेंबर १९०८ पर्यंतची सर्व पाकिटे निळ्या तिकिटाची व निष्कलंक. त्यानंतर ऑक्टोबर १९०८ च्या मध्यापासून जानेवारी १९०९ च्या आरंभापर्यंत चार पाकिटे, चारही टी मारलेली. त्यानंतर पुन्हा निळे तिकीट, आणि पुढे एकावरही टी नाही.

१ ऑक्टोबर १९०८ या दिवशी अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात एक खास करार अमलात आला होता. त्या दिवसापासून अमेरिकेतून इंग्लंडला जाणारे पत्र पाच सेंटांऐवजी दोन सेंटांत, म्हणजे अमेरिकेतील देशी दरात, जाऊ लागले. ही सवलत फक्त ब्रिटन व आयर्लंड यांच्यापुरती होती. हिंदुस्थान तीत नव्हता. पण आपल्या मुलाच्या बाजूने विचार करा. तो ज्या देशातून आला तेथे १८९८ च्या नाताळापासून इंग्लंडला एक आण्यात पत्र जात होते, कारण साम्राज्यातील बहुतेक प्रदेशांसाठी एक पेनीचा एकच दर झाला होता. इंग्लंड आणि हिंदुस्थान टपालाच्या बाबतीत एकाच घरचे, ही समजूत घेऊनच तो बोटीत बसला असणार. अमेरिकेत इंग्लंडचा दर उतरल्याचे वाचले किंवा ऐकले, आणि आपल्या घरचाही उतरला असे त्याने धरले. साम्राज्याचा प्रजाजन म्हणून मिळालेला एवढाच एक फायदा, तोही चुकून घेतलेला!

चार पत्रांचे कोडेही येथेच सुटते. अमेरिकेतून अटलांटिक ओलांडून इंग्लंड, तेथून ब्रिंडिसी, सुएझ, मुंबई आणि मग खानदेश, या प्रवासाला पाच आठवडे सहज लागत. पाकिटांवरील दोन्हीकडच्या मोहरा तेच सांगतात. पहिल्या नॉटपेड पत्राचा दंड वडिलांनी नोव्हेंबरच्या शेवटी भरला. त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिले असले तरी ते मुलाच्या हाती जानेवारीच्या सुमारास पडणार. म्हणजे चूक झाल्याचे कळेपर्यंत त्याने तीच चूक करीत राहणे अटळ होते. आणि ते कळताच दुसऱ्या पत्रापासून निळे तिकीट परत आले. ज्याला बापावर खर्च टाकायचा आहे तो असे वागत नाही.

याने सारे सिद्ध झाले असे आम्ही म्हणत नाही. मुलगा उधळा असेलही. पाकीट स्वभावाची साक्ष देत नाही. पण ज्या पुराव्यावर त्याला शंभर वर्षे दोषी धरले तो पुरावा उलट त्याच्याच बाजूचा निघाला, एवढे मात्र खास.

चौथ्या पाकिटाने आम्हांला सर्वांत अधिक त्रास दिला. त्याचे तिकीट कोणा मुलाने कात्रीने कापून नेले होते. उरला होता फक्त टी, तीसचा आकडा आणि तीन आण्यांचा शिक्का. उलट हिशेब करून येथेही दोन सेंटांचेच तिकीट होते असे म्हणता येईल, असे आम्ही धरून चाललो होतो. परंतु तसे म्हणता येत नाही. १९०७ नंतर अमेरिकेतून परदेशी पत्राला पहिल्या औंसास पाच सेंट आणि पुढील प्रत्येक औंसास तीन. पत्र औंसाहून जड असेल तर हशील आठ सेंट. त्यावर पाच सेंटांचे निळे तिकीट लावले असते तरी तूट तीनच सेंटांची आणि आकडा तीसच. म्हणजे तांबडे तिकीट असो की निळे, टी एकच. शेवटी घरच्या माणसांनी आतले पत्र काढून दिले. पातळ कागदाचा एकच ताव होता. पाकिटासह तो सोनाराच्या काट्यावर ठेवला. पुरा तोळाही भरला नाही. तेव्हा जड पत्राची शक्यता गेली, आणि कापलेले तिकीट तांबडे होते हे ठरले. पत्रासोबत आणखी काही कागद आला असेल आणि पुढे हरवला असेल, ही शंका एका श्रोत्याने मागे काढली होती. ती रास्त आहे. पत्रात सोबतच्या कागदाचा उल्लेख नाही, एवढेच उत्तर आमच्याजवळ आहे.

अलीकडच्या पाकिटांविषयी दोन शब्द. १९६६ पासून टीजवळ सेंटिमांऐवजी अपूर्णांक येऊ लागला. वरचा आकडा दुप्पट तुटीचा, खालचा त्या देशाच्या परदेशी पत्राच्या मूळ दराचा, दोन्ही त्याच देशाच्या नाण्यात. समजा दर वीस, तूट पाच. तर वर दहा, खाली वीस, म्हणजे अर्धा. येथल्या पोस्टाने आपल्या परदेशी पत्राच्या दराची निम्मी रक्कम घ्यावी. सोन्याच्या सेंटिमाची कटकट त्यामुळे गेली. ज्यांच्या घरची माणसे सत्तरीच्या दशकात जर्मनीस वा अमेरिकेस गेली त्यांच्याकडे असे अपूर्णांक सापडतील. तो तारखेचा किंवा घरक्रमांकाचा आकडा समजून पुष्कळांनी सोडून दिला आहे.

त्या घराण्यातील आजचे कर्ते गृहस्थ आमचा हिशेब ऐकायला बसले होते. आकडे त्यांनी स्वतः पुन्हा मांडून पाहिले. मग वडिलांनी पाठवलेल्या उत्तराचे काय झाले असेल, असे त्यांनी विचारले. ते उत्तर अमेरिकेत गेले. या पुडक्यात ते असण्याचे कारण नाही. त्यांनी चारही पाकिटे परत मागून घेतली, चौथ्यात तो एकच ताव घातला, आणि पुडके निळ्या तिकिटांच्या पाकिटांसकट तारखेच्या क्रमाने बांधून ठेवले.